संगणक पुस्तिकांतील मुद्रणसंकेत व परिभाषा

सॉफ्टवेअरचा वापर समजावून देणाऱ्या पुस्तिकांत कोणता मजकूर जसाच्या तसा टंकित करावयाचा, कोणत्या शब्दाच्या जागी वाचकाने स्वतःचा शब्द घालावयाचा आणि कोणता भाग गाळला तरी चालतो, हे दर्शविणारे टंकभेद, चिन्हे व ठरीव शब्द यांचा समावेश या संकेतांत होतो. सामान्य ग्रंथात तिरपा टंक किंवा कंस वाचनाच्या सोयीसाठी असतो. येथे त्यावर आज्ञेचा अर्थ अवलंबून असतो. फाइल पुसण्याच्या आज्ञेतील नमुन्यादाखल दिलेला शब्द वाचकाने तसाच उतरविल्यास नको ती फाइल नष्ट होण्याचा संभव असतो.

या संकेतांचे मूळ संगणकभाषांच्या व्याकरणलेखनात आढळते. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये पॅरिस येथील परिषदेत मांडलेली लेखनपद्धती पीटर नाऊर यांनी संपादिलेल्या ‘अल्गॉल ६०’ या भाषेच्या अहवालात (१९६०) सुधारून वापरण्यात आली. तीत व्याकरणघटकांची नावे कोनी कंसांत घालून ती प्रत्यक्ष लिहावयाच्या चिन्हांपासून वेगळी केली होती. त्याच सुमारास तयार झालेल्या कोबॉल या व्यापारविषयक भाषेच्या विवरणांत मोठ्या रोमन लिपीतील अधोरेखित शब्द अनिवार्य, अधोरेखित नसलेले ऐच्छिक, तर लहान लिपीतील शब्द वापरणाऱ्याने भरावयाचे मानले जात. चौकोनी कंसांतील भाग वगळता येई, महिरपी कंसांतील पर्यायांपैकी एक निवडावा लागे आणि टिंबांची मालिका पुनरावृत्ती सुचवी.

बेल प्रयोगशाळेतील केन टॉम्पसन व डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली. नाव, आज्ञेचे स्वरूप, वर्णन, संबंधित फाइली व ज्ञात दोष असे ठरीव विभाग तीत होते. टंकलेखनसदृश यंत्रावर ती छापलेली असल्याने ठळक टंक उपलब्ध नव्हता. म्हणून जसेच्या तसे लिहावयाचे शब्द अधोरेखित केले गेले. जोसेफ ओसाना यांच्या अक्षरजुळणी-आज्ञावलीमुळे १९७३ पासून छायाक्षरजुळणी शक्य झाली. पुढे अशा शब्दांसाठी ठळक टंक आणि बदलावयाच्या शब्दांसाठी तिरपा टंक रूढ झाला. अनेक पडद्यांवर तिरपा टंक दाखविता येत नसल्याने त्याऐवजी अधोरेखा उमटते. अशा रीतीने जी अधोरेखा प्रथम ‘तसेच लिहा’ असे सांगत होती, तीच आता ‘येथे बदल करा’ असे सांगते. चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. म्हणूनच संकेतांचा खुलासा पुस्तिकेच्या प्रारंभी देण्याची प्रथा पडली.

परिभाषेलाही हेच तत्त्व लागू पडते. इंटरनेटच्या तांत्रिक विवरणांतील ‘मस्ट’, ‘शुड’ व ‘मे’ या इंग्रजी क्रियारूपांचे अर्थ स्कॉट ब्रॅडनर यांनी मार्च १९९७ च्या लेखात अनुक्रमे सक्ती, सबळ कारणाविना न मोडण्याची शिफारस आणि मुभा असे निश्चित केले. लहान अक्षरांत आलेल्या याच शब्दांविषयी संदिग्धता राहिल्याने, केवळ मोठ्या अक्षरांतील रूपांनाच हा विशेष अर्थ असल्याचे मे २०१७ मध्ये स्पष्ट करण्यात आले.

देवनागरीत मोठी व लहान अक्षरे असा भेद नसल्याने मराठी पुस्तिकांना ही सोय मिळत नाही. रोमन लिपीतील आज्ञा मराठी मजकुरात आपोआप वेगळी दिसते; परंतु कार्यक्रमच मराठीत असल्यास हा आधारही जातो व ठळक टंक किंवा अवतरणचिन्हे यांवर भिस्त ठेवावी लागते. ‘जतन करा’, ‘साठवा’ व ‘सेव्ह करा’ हे तिन्ही शब्दप्रयोग अर्थदृष्ट्या योग्य असले, तरी पडद्यावर एक आणि पुस्तिकेत दुसरा आल्यास नवशिका वाचक अडतो. ललित लेखनात गुण ठरणारे शब्दवैचित्र्य येथे दोष ठरते. एका क्रियेला सर्वत्र एकच शब्द वापरणे, हा या लेखनप्रकाराचा मूलभूत नियम होय.