पानपिंपळी : एकेकाळी मिऱ्याहून महाग

आपल्या समुद्रपूरकडं कापूस-तूर. दमट जंगलातली पानपिंपळी पाहायची तर अंजनगाव सुर्जीला (जि. अमरावती) जा. तिथले बारी शेतकरी पानमळ्यासारखीच सावली-ओल देऊन हा वेल जपतात.

इ.स. 77 च्या सुमारास रोमच्या प्लिनीनं भाव लिहून ठेवले : पिंपळी पौंडाला 15 दिनारी, काळी मिरी फक्त 4. इंग्रजीतला 'पेपर' शब्दही मुळात आपल्या 'पिप्पली'चाच!

मंग हिला मागं कुणी सारलं? आधी स्वस्त मिऱ्यानं, नंतर पोर्तुगीजांनी आणलेल्या मिरचीनं. स्वयंपाकघर सुटलं, त्रिकटू चूर्ण उरलं. म्हणजे आज गिऱ्हाईक मुख्यतः औषधवाले. लावायची असेल तर रोपाआधी खरेदीदार शोधा. आपल्या काळ्या रानात पाणी साचून मुळं सडतील, ते वेगळंच.