साहित्यिकाचे घर आणि साहित्योत्सव : मालगुंड व पालघर परिसर

प्रस्तावना

साहित्यिकाच्या घरी साहित्योत्सव भरविण्यामागे वास्तूबरोबर वाङ्मयही जिवंत राहावे हा हेतू असतो. मात्र ‘घर’ कशाला म्हणावे, हा प्रश्न प्रत्येक प्रदेशाने आपल्या वाङ्मयेतिहासातून सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात दक्षिण व उत्तर कोकणातील दोन भिन्न परिस्थितींची तुलना केली आहे.

मालगुंडचे उदाहरण

कृष्णाजी केशव दामले ऊर्फ केशवसुत यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. शिक्षकी पेशात आयुष्य घालवून १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने त्यांचे निधन झाले. हयातीत त्यांचा संग्रह निघाला नाही. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्थापन झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये तेथे स्मारक साकारले. कौलारू जन्मघर जपले गेले, आवारात कविता शिळांवर कोरल्या गेल्या. मूळ घर, कवितेचा पाठ आणि संमेलनांना येणारा रसिक या तिन्हींच्या मेळाने त्या वास्तूस अर्थ आला.

पालघर परिसर

२०१४ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेल्या पालघरची स्थिती वेगळी आहे. येथील भूमीतून घडलेली दोन महत्त्वाची नावे बाहेरून आलेल्या लेखिकांची आहेत. गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासूनच्या वारली लढ्याचा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात मांडला. त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. ताराबाई मोडक यांच्यासमवेत १९४५ मध्ये बोर्डीस आलेल्या अनुताई वाघ यांनी पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालशिक्षणाचे कार्य केले आणि त्याविषयी लेखन केले. या लेखिकांचे साहित्यिक ‘घर’ जन्मस्थानात शोधता येत नाही. ते पाड्यावर, अंगणवाडीत आणि सभेच्या मैदानात आहे.

निष्कर्ष

म्हणून येथील उत्सवाचे स्थान कोसबाड वा तलासरी असणे ऐतिहासिकदृष्ट्या सुसंगत ठरेल. पण ज्यांच्याविषयी लिहिले गेले ते वारली समाजघटक केवळ श्रोते राहिल्यास उत्सव अपुरा राहील. लग्नात चौक लिहिला जात असता गाणाऱ्या धवलेरीची मौखिक परंपरा हेही वाङ्मयच आहे. तिला व्यासपीठावर मानाचे स्थान मिळावे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थी हा वाचकवर्ग जवळच आहे. महाविद्यालयांनी प्रथम या ग्रंथांचे सामुदायिक वाचन आणि धवलेरींच्या गीतांचे ध्वनिमुद्रण हाती घ्यावे. त्या पायावर भरलेला उत्सवच या भूमीचा ठरेल.