तेरचे मृण्मूर्तिकार

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांतील आपली कुटुंबे तेरला जातात ती गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनास. संतमंडळींची डोकी थापटण्याने ठोकून पाहिल्याची कथा आपल्या मुलांस तोंडपाठ असते. त्याच गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिकडे मात्र आपल्यांपैकी फार थोड्यांची पावले वळतात, याची आम्हांस खंत वाटते.

लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या जुन्या वस्तू वेचून जिवापाड जपल्या. त्यांत सातवाहनकाळच्या, म्हणजे सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आहेत. तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरास जाई.

या मूर्तींपैकी कित्येक केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या आहेत. पुढचा व पाठीचा भाग दोन निराळ्या साच्यांत उठवून, ओलसर असतानाच सांधून, आत पोकळ ठेवलेल्या. भरीव मूर्ती आव्यात तडकते, हे कुंभाराच्या पोरास सांगावयास नको! दोन साच्यांची ही रीत रोमन व्यापाराबरोबर आली, असे विद्वान म्हणतात. आली असेल. परंतु त्या स्त्रियांचे केशकलाप आणि कानांतील जड कुंडले आपल्याच मुलखातील आहेत. रीत परकी असली तरी चेहरा परका नाही.

या कारागिरांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही. म्हणून त्यांस समाजात पत नव्हती काय? नाशिकच्या लेण्यांत आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळचा शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवल्याची नोंद त्यात आहे. पैकी 'कुलरिक' श्रेणीकडे १००० कार्षापण ठेवले होते, आणि कुलरिक म्हणजे कुंभार असा अर्थ अभ्यासक लावतात. लोक ज्यांच्या हाती निर्धास्तपणे पैका ठेवीत, त्यांचा धंदा सांगण्यास आम्ही मात्र लाजत आलो.

आम्ही शाळेत असता कोणी धंदा विचारला की 'शेती' असे सांगत असू. वडिलांनीच तसे शिकविले होते. पुढे मास्तरकी लागल्यावर लातूरहून त्या वेळच्या अरुंद रुळांच्या गाडीने आम्ही त्यांना तेरला नेले. दर्शनानंतर संग्रहालयात ते एका फुटक्या मूर्तीपुढे बराच वेळ उभे राहिले. साच्यात माती दाबताना उमटलेले बोटांचे ठसे आतल्या बाजूस दिसत होते. वडिलांनी आपला अंगठा काचेवर तिरपा धरून पाहिला, मग दुसऱ्या हाताचा धरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, हा गडी डावखुरा होता बघा."