पडत्या भिंतीचे दोन अवतार

मूकपटांतील विनोद शब्दांवर नव्हे, तर शरीर, वस्तू आणि गुरुत्वाकर्षण यांच्या झटापटीवर उभा होता. बोलपटांनी त्याला मागे सारल्यानंतर काही दशकांनी त्याला नवा आश्रय मिळाला तो चित्रपटगृहात नव्हे, कलादालनात. मूकपटांतील विनोदी नट हॅरल्ड लॉइड 'सेफ्टी लास्ट!' (१९२३) या चित्रपटात उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळला होता. गॉर्डन मॅटा-क्लार्क या अमेरिकन कलावंताने १९७३ मध्ये 'क्लॉकशॉवर'साठी न्यूयॉर्कमधील मनोऱ्याच्या घड्याळावर चढून चक्क दाढी आणि अंघोळ उरकली. त्याआधी, १९७० मध्ये, बास यान आडर या डच कलावंताने घराच्या छपरावरून गडगडणे आणि सायकलसह अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यात कोसळणे अशी दोन पतने चित्रित केली होती, ज्यांना ना पूर्वकथा होती ना परिणाम.

या प्रवाहातील सर्वांत काटेकोर कृती मात्र स्टीव्ह मॅक्वीन या ब्रिटिश कलावंताची 'डेडपॅन' (१९९७) होय. तिचे मूळ 'स्टीमबोट बिल, ज्युनियर' (१९२८) या चित्रपटात आहे. त्यात वादळाने घराची दर्शनी भिंत मूकपटांतील विनोदी नट बस्टर कीटनवर कोसळते आणि तो नेमका खिडकीच्या पोकळीखाली उभा असल्याने बचावतो. हा 'गॅग', म्हणजे हशा पिकवण्यासाठी रचलेली दृश्ययुक्ती, कीटनने 'वन वीक'मध्ये (१९२०) लहान प्रमाणावर वापरला होता. १९२८ मध्ये भिंत खरोखर जड होती आणि पोकळीच्या कडा शरीरापासून जेमतेम दूर होत्या.

मॅक्वीनने वादळ, कथा आणि पळापळ गाळून केवळ भिंत ठेवली, तिच्याखाली स्वतः उभा राहिला आणि तेच पतन निरनिराळ्या कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवले. ही कृती कृष्णधवल व नीरव असून, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करून व्हिडिओवर उतरवलेली आहे. कीटनच्या भिंतीचा विनोद सुटकेत होता, आणि सुटका एकदाच झाली तरच ती सुटका वाटते. पुनरावृत्तीत तिचा दिलासा विरतो आणि मागे उरतो तो दर आघाताला निर्विकारपणे सामोरा जाणारा माणूस. हा माणूस कृष्णवर्णीय आहे, ही गोष्ट बाजूला ठेवून या चिकाटीचा अर्थ लावणे अपुरे ठरते. मॅक्वीनला १९९९ चे टर्नर पारितोषिक हे ब्रिटनमधील कला-पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याच्या प्रदर्शनात 'डेडपॅन'चा समावेश होता.