चहाच्या मळ्यातील शाळा आणि नागरिकत्व नाकारलेली मुले

सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, डोंगराळ मध्यभागात आधी कॉफीच्या आणि पुढे चहाच्या मळ्यांसाठी दक्षिण भारतातून नेलेल्या तमिळ मजुरांच्या मुलांचे शिक्षण आरंभापासून सरकारची नव्हे, तर मळेवाल्यांची बाब मानले गेले. १९२०च्या शिक्षणविषयक अध्यादेशाने सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवण्याची जबाबदारी मळ्यांवर टाकली. परंतु एक खोली, एक शिक्षक आणि फार तर पाचवीपर्यंतचे वर्ग एवढीच मजल बहुतेक मळ्यांनी गाठली, कारण शिकलेला मुलगा मळा सोडून जाईल हे मालकांना परवडणारे नव्हते.

१९४५मध्ये शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या पुढाकाराने देशात मोफत शिक्षण सुरू झाले, तेव्हाही या शाळा त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. आणि १९४७च्या कायद्याने त्या सरकारकडे घेण्याचा मार्ग मोकळा केला असला, तरी त्याची अंमलबजावणी तोकडीच झाली. पुढच्याच वर्षी झालेल्या नागरिकत्व कायद्याने तर या मुलांच्या पायाखालची जमीनच काढून घेतली. कायद्याआधी जन्मलेल्या व्यक्तीला वडील, अथवा आजोबा आणि पणजोबा हे दोघेही, सिलोनमध्ये जन्मल्याचे दाखवावे लागे, आणि जन्मनोंदी नसलेल्या मजुरांना ते बहुधा अशक्य होते; कायद्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व वडिलांच्या नागरिकत्वावर ठरे, त्यामुळे बापाचे राज्यहीनत्व, म्हणजे कोणत्याही देशाचा नागरिक नसण्याची स्थिती, मुलाच्या वाट्याला जन्मतःच येई. १९४७मध्ये या समाजाने संसदेवर सात प्रतिनिधी पाठवले होते. नागरिकत्वापाठोपाठ बहुतेकांचा मताधिकारही गेला, आणि शाळांची मागणी करणारा आवाज त्याबरोबर क्षीण झाला. या मुलांच्या निरक्षरतेचे मूळ दारिद्र्यापेक्षा या राजकीय निर्णयात अधिक शोधले पाहिजे.

१९६०-६१मध्ये सरकारने अनुदानित खाजगी शाळा ताब्यात घेतल्या, तेव्हा मळ्यांच्या शाळा बहुतांशी वगळल्या गेल्या. सिलोन आणि भारत यांच्यातील १९६४च्या सिरिमा-शास्त्री करारात या समाजातील ९ लाख ७५ हजार राज्यहीन माणसांपैकी ५ लाख २५ हजार भारताने, तर ३ लाख सिलोनने स्वीकारावीत असे ठरले, आणि उरलेल्या दीड लाखांचा प्रश्न पुढे ढकलण्यात आला. ही वाटणी ज्यांच्याविषयी होती, त्या मजुरांना या बोलण्यांत स्थान नव्हते. मूल कोणत्या देशात वाढणार हेच अनिश्चित असताना त्याच्या शाळेवर खर्च करण्याची दोन्ही सरकारांना निकड वाटली नाही.

१९७२ आणि १९७५च्या जमीनसुधारणांनी मळे सरकारी झाल्यावर, त्या दशकाच्या उत्तरार्धात या शाळा सरकारी शिक्षणव्यवस्थेत येऊ लागल्या. सिरिमा-शास्त्री कराराच्या दिवसापासून, म्हणजे ३० ऑक्टोबर १९६४पासून, देशात कायम राहिलेल्या राज्यहीनांना आणि त्यांच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा मात्र २००३मध्ये झाला.