घरातले स्टिअरिंग : एका खेळण्याचा इतिहास

१/ शर्यतीच्या खेळांसाठी नवे स्टिअरिंग आणि पेडले घरी आणणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी प्रश्नांची एक यादी उभी राहते. चाक किती अंश फिरू द्यायचे? पेडले एकत्र मोजायची की वेगवेगळी? ब्रेकला जोर किती? मोटरीची ताकद किती? ही यादी वरवर तांत्रिक दिसते. प्रत्यक्षात तिच्यातल्या प्रत्येक पर्यायामागे कुठल्या ना कुठल्या दशकातली एक अडचण आहे आणि ती सोडवणारी माणसे आहेत. त्या इतिहासाचा हा #थ्रेड.

२/ आरंभ खऱ्या मोटारीपासून करावा लागतो. सुरुवातीच्या अनेक मोटारींना गोल चाक नव्हते. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ साली पॅरिस ते रूआँ या स्पर्धेत आल्फ्रेड व्हाशरॉन याने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी गोल चाक बसवले. वेग वाढला तसा दांडा हातातून हिसकला जाऊ लागला होता. चाकामुळे दोन्ही हातांची पकड आणि बारीक नियंत्रण, दोन्ही साधले.

३/ पायांखालची मांडणीही आपोआप ठरलेली नाही. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’मध्ये तीन पेडले होती, पण त्यांपैकी एकही ॲक्सिलरेटरचे नव्हते, वेगाची कळ स्टिअरिंगजवळ हाताशी होती. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर ही आजची रचना १९१६ च्या कॅडिलॅक टाइप ५३ मध्ये दिसते आणि पुढे सर्वमान्य होते. घरच्या खेळांची पेडले याच रचनेची नक्कल करतात.

४/ घरबसल्या यंत्र ‘चालवण्याची’ कल्पना मात्र विमानांकडून आली. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास एक लहानसे खोटे विमान तयार केले. वैमानिक कळ हलवी, भाते फुगत व आकसत, आणि जमिनीवरच्या जमिनीवर ते विमान झुके, वळे.

५/ या यंत्राचे सुरुवातीचे गिऱ्हाईक होते करमणुकीची उद्याने! सैन्याने त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपालवाहतूक सोपवण्यात आली. खराब हवामानात, केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांत मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. खेळणे आणि प्रशिक्षण यांतली सीमारेषा किती पातळ आहे, हे तेव्हाच दिसून आले होते.

६/ पडद्यावरच्या मोटारींचा काळ १९७४ साली उजाडला. अटारीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या नाणे टाकून खेळायच्या यंत्रात स्टिअरिंग, गिअरचा दांडा, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक असे सगळे होते. पडद्यावर मात्र वरून दिसणारा, ठिपक्यांनी आखलेला रस्ता. त्याच वर्षी जपानमध्ये टाइटो कंपनीचा ‘स्पीड रेस’ आला. त्याचा रचनाकार तोमोहिरो निशिकादो पुढे ‘स्पेस इन्व्हेडर्स’मुळे जगभर गाजला.

७/ हे यंत्र घरात कसे आणायचे? कपाटाएवढी पेटी दिवाणखान्यात मावणार नव्हती. १९७७ साली अटारीच्या घरगुती यंत्रासोबत ‘इंडी ५००’ हा खेळ निघाला. त्याच्या खोक्यात दोन खास नियंत्रक मिळत. चाकाच्या जागी मुठीत मावणारी एक गोल कळ होती, पण ती न अडता कितीही फिरे. कळ कुठे आहे हे यंत्राला कळत नसे. ती कोणत्या बाजूला किती पायऱ्या सरकली एवढेच कळे.

८/ घरात खरे चाक आणि खरे पेडल आणण्याचा ठळक प्रयत्न १९८२ च्या कोलेकोव्हिजनने केला. त्याच्या ‘एक्स्पान्शन मॉड्यूल २’मध्ये टेबलावर ठेवायचे स्टिअरिंग आणि जमिनीवर ठेवायचे पेडल होते, सोबत सेगाचा ‘टर्बो’ हा खेळ. पेडल एकच, ते ॲक्सिलरेटरचे. गिअर बदलण्यासाठी जवळ ठेवलेल्या दुसऱ्या नियंत्रकाची दांडी वापरावी लागे. अपुरेच, पण हात आणि पाय दोन्ही कामाला लागले.

९/ पुढची कथा संगणकाची. आयबीएमच्या १९८१ च्या संगणकासाठी खेळांची एक जोडणी मिळू लागली : पंधरा टाचण्यांची, चार बदलत्या मापांची आणि चार बटणांची. आतली मापनपद्धत रेडिओचा आवाज वाढवणाऱ्या कळीसारखी. कळ फिरली की विजेचा रोध बदले आणि संगणक तो अप्रत्यक्षपणे, वेळ मोजून ओळखे. प्रत्येक उपकरणाचे माप थोडे निराळे. म्हणून चाक एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून यंत्राला ओळख करून द्यावी लागे. ‘कॅलिब्रेशन’ची सवय तेथली.

१०/ १९९० च्या दशकात पॅपायरस या अमेरिकी संस्थेचे ‘इंडीकार रेसिंग’, ‘नॅसकार रेसिंग’ असे खेळ आले. त्यांत मोटारीचे गणित गांभीर्याने मांडलेले होते आणि बोटांनी कळा दाबून त्यांना न्याय देता येत नव्हता. ओरेगॉनमधील थ्रस्टमास्टर ही कंपनी आधी विमानखेळांच्या दांड्या बनवी. तिने टेबलाच्या कडेला आवळून बसवायचे चाक आणि दोन पेडले बाजारात आणली. चाक मध्यावर परत आणण्याचे काम मोटर नव्हे, तर ताण देणारी साधी यंत्रणा करी.

११/ येथे एक तडजोड झाली. बहुतेक खेळ जॉयस्टिकसाठी लिहिलेले होते : दांडी पुढे म्हणजे वेग, मागे म्हणजे ब्रेक. त्यामुळे दोन्ही पेडले एकाच मापावर जोडली गेली. दोन्ही एकदम दाबली तर ती एकमेकांना खोडून काढीत. खऱ्या शर्यतीत मात्र डाव्या पायाने हलका ब्रेक आणि उजव्याने वेग, ही एक मोलाची कला आहे. १९९६ नंतर यूएसबी आले, प्रत्येक पेडलाला स्वतंत्र माप मिळाले. तरी ‘एकत्र पेडले’ हा पर्याय जुन्या खेळांसाठी कित्येक वर्षे टिकून राहिला.

१२/ तोवर सर्वांत मोठी उणीव तशीच होती : चाक मुके होते. खऱ्या मोटारीत पुढची चाके वळली की ती सरळ होऊ पाहतात आणि तो ओढा स्टिअरिंगवर जाणवतो. टायरची पकड संपत आली की हा ओढा कमी होतो, स्टिअरिंग एकाएकी हलके लागते. गाडी घसरणार हे चालकाच्या हातांना त्याच्या डोळ्यांआधी कळते, ते असे. स्प्रिंग मात्र टायर घसरो वा न घसरो, तेवढ्याच जोराने ओढत राहते.

१३/ या मुकेपणावरचा उपाय आर्केडमध्ये १९८९ साली दिसला. अटारी गेम्सच्या ‘हार्ड ड्रायव्हिन’मध्ये किल्ली फिरवून इंजिन सुरू करावे लागे, क्लच होता, गिअर होते आणि स्टिअरिंगला मोटर जोडलेली होती. मोटारीच्या गणितासाठी वाहनगतिशास्त्राचे जाणकार डग मिलिकन यांची मदत घेतली होती. खेळाडूचे हात आता नुसते आज्ञा देत नव्हते. त्यांना उत्तरही मिळत होते.

१४/ हे ‘फोर्स फीडबॅक’ घरात आले ते १९९७ च्या सुमारास. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स ५ मध्ये त्याची सोय केली आणि मोटर असलेली चाके बाजारात आली. २००१ साली प्लेस्टेशन २ वरच्या ‘ग्रान टुरिस्मो ३’सोबत लॉजिटेकचे ‘जीटी फोर्स’ आले आणि लाखो घरांना हा अनुभव खुला झाला. पण मोटर लहान होती. तिच्या मर्यादेपलीकडचा प्रत्येक धक्का तिला सारखाच. बारकावे तेथे कापले जात. ताकद कमाल ठेवली म्हणजे जाणीवही कमाल मिळते, हा समज म्हणूनच फसवा आहे.

१५/ मग अंशांचा प्रश्न. जुनी घरगुती चाके जेमतेम अर्धी-पाऊण फेरी फिरत. साधी मोटार मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेऱ्या घेते, म्हणजे सुमारे ९०० अंश. लॉजिटेकच्या ‘ड्रायव्हिंग फोर्स प्रो’ने ही मजल गाठली. २००६ च्या ‘जी२५’ने तीन पेडले आणि सहा गिअरचा सुटा दांडाही दिला. दांडा सुटा असल्याचा एक लाभ भारतीयांना विशेष : तो डाव्या हाताला, आपल्या मोटारींप्रमाणे लावता येतो. फॉर्म्युला मोटारीसाठी मात्र ९०० अंश ठेवणे चूक. तेथे फेरी कितीतरी लहान असते.

१६/ ब्रेकची कथा निराळी. घरगुती पेडल ‘किती खाली गेले’ हे मोजी. खऱ्या मोटारीत ब्रेकचे पेडल फार थोडे सरकते. वाढतो तो दाब. पायाच्या स्नायूंना अंतरापेक्षा जोर अधिक चांगला लक्षात राहतो. यावरचे उत्तर जुनेच होते : १९३८ साली एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी स्वतंत्रपणे शोधलेला स्ट्रेन गेज. धातू किंचित वाकला की विजेचा रोध बदलतो, त्यावरून जोर मोजता येतो. याच तत्त्वावर वजनकाटे चालतात आणि याच तत्त्वावर ‘लोड सेल’ ब्रेक.

१७/ एका सुधारणेने दुसरी अडचण जन्माला घातली. जोराने ब्रेक दाबताच चाकांची खुर्ची मागे सरकू लागली, पेडले गालिच्यावरून पळू लागली, टेबल डुगडुगू लागले. त्यातून खुर्ची, पेडले आणि स्टिअरिंग एकाच चौकटीत बांधणारे सांगाडे रूढ झाले. कुणी लाकडाचे केले, कुणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे. पेडलांमागे भिंत आणि खुर्चीला पेडलांशी बांधणारा पट्टा, हा कमी खर्चाचा तोडगाही त्याच गरजेतून निघाला.

१८/ मोटर आणि चाक यांच्यामध्ये आधी दाते होते, ते खडखडत. मग पट्टे आले; ते मऊ, पण बारकावे गिळणारे. शेवटी हौशी मंडळींनीच कारखान्यांतल्या सर्वो मोटरीच्या दांड्यावर थेट चाक बसवले आणि आपली जुळणी सर्वांसाठी खुली ठेवली. २०२१ साली जर्मनीच्या फॅनाटेकने ‘सीएसएल डीडी’ आणले आणि ही ‘डायरेक्ट ड्राइव्ह’ पद्धत पुष्कळ स्वस्त झाली. अशा मोटरी मनगट दुखावण्याइतक्या बळकट असू शकतात. म्हणून मोठ्या यंत्रांना तातडीने बंद करण्याचे बटण असते.

१९/ एवढा खटाटोप कशासाठी? मोटार शर्यत हा पैसेवाल्यांचा खेळ; लहानपणापासून कार्टिंगचा खर्च झेपेल त्याचाच. २००८ साली निस्सान आणि प्लेस्टेशन यांनी ‘जीटी अकॅडमी’ काढली आणि घरी खेळणाऱ्यांतून खरे चालक निवडले. पहिला विजेता स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ २०११ च्या ल माँ २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. त्याच वर्षीचा अकॅडमी-विजेता यान मार्डनबरो २०१३ मध्ये तेथेच गटात तिसरा आला.

२०/ या कथेला दुसरी बाजूही आहे. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगवर मार्डनबरोची मोटार एका उंचवट्यावर हवेत उचलली गेली आणि कुंपणापलीकडे गेली. एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. तो अपघात होता आणि अनुभवी चालकांनाही तो मार्ग कठीण वाटतो. परंतु पडद्यावरच्या त्याच उंचवट्यावर चूक झाली तर एक बटण दाबून सगळे पुन्हा सुरू करता येते. घरातले चाक पकड शिकवते, ओळ शिकवते, संयम शिकवते. परिणाम मात्र शिकवत नाही.

२१/ तरीही दार उघडले ते बंद झाले नाही. पॅपायरसचे सहसंस्थापक डेव्ह केमर यांच्या ‘आयरेसिंग’वर (२००८) अमेरिकेतील विल्यम बायरन हा मुलगा घरी सराव करी, त्यातून तो खऱ्या शर्यतींकडे वळला आणि २०२४ व २०२५ अशी सलग दोन वर्षे डेटोना ५०० जिंकला. २०२० च्या टाळेबंदीत तर उलटे घडले : शर्यती थांबल्या आणि नामवंत चालकच आपापल्या घरी अशा चाकांपुढे बसले.

२२/ म्हणून नवे स्टिअरिंग बसवताना इतिहासाने घालून दिलेला क्रम उपयोगी पडतो. आधी खुर्ची आणि पेडले पक्की करावीत. मग कॅलिब्रेशन. मग मोटारीनुसार अंश. पेडले स्वतंत्र ठेवावीत, ब्रेकचा जोर आपल्या पायाला साजेल असा असावा आणि मोटरीची ताकद बारकावे कापले जाणार नाहीत इतकीच. लिंकच्या भात्यांपासून आजच्या सर्वो मोटरीपर्यंत सगळ्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी होती : बसल्या जागी हातापायांना खरे काहीतरी कळावे. #इतिहास #तंत्रज्ञान