गॅरेजकाम शिकायला जुनी गाडी घेताय? वासण्याच्या सोसायटीत उभी करण्याआधी हे बघा

बडोदा : आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करणारी मुलं, गॅरेजात हेल्पर म्हणून लागलेली पोरं आणि नोकरी सांभाळून हौसेने पाना हातात घेणारी माणसं, या सगळ्यांच्या डोक्यात कधी ना कधी एकच विचार येतो. स्वस्तातली एक जुनी गाडी घ्यावी, स्वतः खोलावी, स्वतः जोडावी. वर्गात एका इंजिनाभोवती अख्खी बॅच उभी असते आणि गॅरेजात उस्ताद गिऱ्हाइकाच्या गाडीला लगेच हात लावू देत नाही. त्यामुळे विचार चुकीचा नाही. चूक होते ती गाडी निवडताना. बडोद्यात गोरवा आणि तरसाली इथल्या आयटीआयत शिकणारा मुलगा असो की नंदुरबार-नवापूरकडून कामाला आलेला, बहुतेक जण सगळ्यात स्वस्त म्हणजे बंद पडलेली गाडी उचलतात. सहा महिन्यांनी ती भंगारात जाते. पैसे जातात ते जातातच, वर शिकण्याची हिंमतही जाते.

पहिली गाडी चालू हवी

शिकायची गाडी म्हणजे मोडकी गाडी, हा समज आधी डोक्यातून काढा. गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली पाहिजे. चालू गाडीत तुम्ही प्लग बदलले आणि इंजिन अडखळायला लागलं, तर चूक तुमची हे लगेच कळतं, आणि ती शोधता येते. बंद गाडीत आधीच दहा दोष असतात. अकरावा तुम्ही घातला तर तो ओळखणार कसा? नीट चालणाऱ्या इंजिनाचा आवाज कानात बसल्याशिवाय बिघडलेल्याचा आवाज ओळखता येत नाही.

हातातल्या सगळ्या पैशाची गाडी घेऊ नका. 80 हजार असतील तर 50 च्या वर बघायचंच नाही. उरलेल्यात कागदपत्रं, विमा, हत्यारं आणि पहिल्या चार महिन्यांचे पार्ट बसवायचे आहेत. हत्यारांत रिंग पाने, सॉकेट सेट, प्लग पाना, फीलर गेज, मल्टिमीटर, टॉर्क रेंच, चांगला जॅक आणि दोन जॅक-स्टँड एवढं लागतंच. मारुतीच्या गाड्यांचं बरंचसं काम 10, 12, 14 आणि 17 च्या पान्यांवर निघतं, त्यामुळे हे चार आकार चांगल्या कंपनीचे घ्या. हलका पाना नटाचे कोपरे गोल करतो आणि मग पाच मिनिटांच्या कामाला अख्खी दुपार जाते.

कोणती गाडी?

उत्तर जुनंच आहे : मारुती 800 किंवा पहिली अल्टो. 800 डिसेंबर 1983 मध्ये आली आणि जानेवारी 2014 मध्ये बंद झाली. अल्टो 2000 मध्ये आली. दोन्हींचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात आणि अनुभवी मिस्त्री तर गल्लोगल्ली आहेत. हा दुसरा मुद्दा लोक विसरतात. तुम्ही अडकलात तर बाजूच्या गॅरेजवाल्याला त्या गाडीची माहिती हवी.

कार्बोरेटरची 800 की इंजेक्शनची? जुन्या 800 ला कार्बोरेटर होता, 2000 च्या आसपास इंजेक्शन आलं. कार्बोरेटरवर पेट्रोल-हवेचं गणित डोळ्यांनी दिसतं, हाताने जुळवता येतं. पण आज गॅरेजात येणाऱ्या कारला कार्बोरेटर नसतोच. रोजीरोटीसाठी शिकत असाल तर इंजेक्शनवालीच घ्या, कारण सेन्सर, वायरिंग आणि स्कॅनर यांच्याशी ओळख त्यातच होते. भारतात गाडीतच दोष नोंदवणारी ओबीडी यंत्रणा बीएस-4 सोबत 2010 पासून सक्तीची झाली, तिचा पुढचा टप्पा 2013 मध्ये आला. म्हणून 2010 नंतरची अल्टो बजेटमध्ये बसत असेल तर ती 800 पेक्षा जास्त शिकवेल. निव्वळ हौस असेल तर कार्बोरेटरवाली मजेदार आहे.

ओम्नीचाही विचार करा. इंजिन जवळपास तेच, पण ते पुढच्या सीटखाली आणि ताकद मागच्या चाकांना. प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल वेगवेगळे बघायला मिळतात. टेम्पो-पिकअपच्या कामाकडे जाणाऱ्याला याचा फायदा. तोटा एवढाच की ओम्नी बहुधा सामान वाहून पार पिचलेली असते. सँट्रो 1998 ची, चार सिलिंडरची, तीही चालेल. जुन्या डिझेल इंडिकाचा पंप साधा यांत्रिक आहे, डिझेल शिकायला तो बरा. स्विफ्ट-डिझायरचं 1248 सीसी डिझेल मात्र पहिल्या गाडीत नको. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनावर पाइप सैल केला तर ती धार कातडीत घुसते.

बडोद्यात आणखी एक मोह असतो, तो म्हणजे शेवरोले. जवळच पंचमहाल जिल्ह्यातल्या हलोलला जनरल मोटर्सचा कारखाना होता, त्यामुळे या भागात त्या गाड्या खपल्याही चांगल्या. कंपनीने 2017 मध्ये हलोल बंद केलं आणि त्याच वर्षाअखेर भारतात गाड्या विकणं थांबवलं. आता त्या जागी एमजीच्या गाड्या बनतात. स्पार्क, बीट या गाड्या वाईट नव्हत्या, म्हणूनच आजच्या किमती बघून हात शिवशिवतो. पण नवशिक्याकडून पार्ट तुटतातच, आणि प्रत्येक क्लिपसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागला तर शिकायचं कधी?

बडोद्याची खरी भीती : पाण्यात बुडालेली गाडी

31 जुलै 2019 ला बडोद्यात एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला होता. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीची पातळी 35 फुटांच्या वर गेली, शहराचे मोठे भाग दोन-तीन दिवस पाण्यात राहिले. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, पण तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, याची चर्चा तेवढी झाली नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आणतो. अशी गाडी नदीकाठापासून दूरच्या वासण्यातही विकायला येऊ शकते आणि महामार्गाने धुळ्यालाही पोहोचू शकते. सूरतही तापीचं, सांगली-कोल्हापूरही कृष्णा-पंचगंगेचं पाणी पाहिलेली शहरं आहेत, तेव्हा हा प्रश्न एकट्या बडोद्याचा नाही.

ओळखायची कशी? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. मालक गाडी धुतो, बेल्टचं शेवटचं टोक सहसा कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली तर समजा. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा. सीटच्या रुळांवर, सीटखालच्या बोल्टवर गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, फ्यूजबॉक्समध्ये हिरवट कीट या सगळ्या खुणा. गालिचा एका कोपऱ्यात उचलून नाकाजवळ न्या. कुबट वास येतोच, आणि गाडीत सुगंधी बाटल्या जरा जास्तच लावल्या असतील तरी शंका घ्यावी.

काही उस्ताद म्हणतात, शिकायलाच घ्यायची तर बुडालेली का नको, स्वस्त मिळते. पूर्ण चूक नाही ते. खोलून बघायला नुसतं इंजिन हवं असेल तर बुडालेल्या गाडीचं घ्यावं. पण अख्खी गाडी चालवायची असेल तर वायरिंगच्या प्रत्येक जोडात बसलेला गंज आज एक दोष देतो, उद्या दुसरा, परवा दोन्ही गायब. असे येणारे-जाणारे दोष मुरलेल्या मिस्त्रीलाही रडवतात. ही दुसरी किंवा तिसरी गाडी असू शकते, पहिली नाही.

बघायला जाताना

आधी फोन करून सांगा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर लपतं. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर चहा पिऊन तासाभराने या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी जमलं असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेलं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येतेच, पण इंजिन गरम होऊनही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. कॉम्प्रेशन गेज मिळाला तर तिन्ही सिलिंडर तपासा. आकडा किती यापेक्षा तिघांचे आकडे जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. एकच खाली असेल तर इंजिन लवकरच खोलावं लागणार.

घासलेली क्लच प्लेट, संपलेले ब्रेक शू, फाटलेलं सीव्ही बूट, खडखडणारे सस्पेन्शन बुश, गळणारा वॉटर पंप हे दोष चालतील. उलट हेच तर शिकायचंय, आणि भाव पाडायलाही उपयोगी. सडलेला पत्रा मात्र अजिबात नको. तळाला, जॅक लावायच्या जागी आणि पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोकाला पेचकस दाबून बघा. आत गेला तर उठा. वेल्डिंगने गाडी उभी राहील, पण तिच्याखाली झोपायचं तुम्हालाच आहे.

गुजरातच्या जुन्या गाड्यांत सीएनजी किट बऱ्याचदा असतं. आरसीवर त्याची नोंद हवी, आणि टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. नोंद नसलेलं किट असेल तर किंमत कितीही कमी असो, सोडा. नोंद असली तरी गॅसच्या जोडांना शिकाऊ हात लावायचा नाही.

कागद, आणि राज्याची सीमा

गाडी नुसती खोलायलाच घेतोय, मग नावावर कशाला करायची, हे वाक्य फार ऐकू येतं. तुमची गाडी पुढे दुसऱ्याने नेली आणि अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या नवीन कुमार प्रकरणात सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही वेळा विकली असली तरी. म्हणून घेताना नावावर करून घ्या आणि विकताना नावावरून काढा. फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून पहा. पेन्सिल घासून ठसा घेता येतो.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल 2022 पासून कारला 600 वरून 5 हजार झाली, आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारला 10 हजार. शिवाय ठिकाणानुसार हरित कर. म्हणून 14 वर्षांची गाडी स्वस्त का मिळतेय, हे आरसीच्या तारखेतच लिहिलेलं असतं. निदान दोन वर्षं शिल्लक असलेली बघा.

आता सीमेचा विषय. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, पण आरटीओला असं अर्धं-अर्धं चालत नाही. जीजे-06 ची गाडी कायमची नंदुरबारला न्यायची तर बडोद्याची एनओसी म्हणजे फॉर्म 28, तिकडे पुन्हा नोंदणी आणि तिकडचा रस्ता कर. दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की पुन्हा नोंदणी बंधनकारक. इकडच्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण खेपा घालाव्या लागतात. 50 हजारांच्या गाडीला हा व्याप परवडत नाही. सरळ हिशेब : गाडी जिथे उभी राहणार, त्याच राज्याच्या पाटीची घ्या. वासण्यात राहून शिकणार तर जीजे, गावी शेडमध्ये शिकणार तर एमएच-39 किंवा एमएच-18. बेळगाव आणि बऱ्हाणपूरकडच्यांनाही हेच लागू.

उभी कुठे करणार?

वासणा रोडच्या सोसायट्यांत पार्किंग मोजकं आहे आणि शेजारी मोजून आहेत. ठोकाठोकी, ऑइलचे डाग, चार विटांवर उभी गाडी, यावरून पहिल्याच महिन्यात सेक्रेटरीची चिठ्ठी येते. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे कोपरा मागा, रविवारी त्याच्या कामाला हात लावायच्या बदल्यात तो बऱ्याचदा मिळतोही. जमीन सपाट आणि पक्की हवी. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. दोन्ही बाजूंना जॅक-स्टँड, मागच्या चाकांना अडण, मगच खाली.

कामाचा क्रम असा ठेवा : आधी ऑइल, फिल्टर, प्लग. मग कूलंट आणि होजपाइप, त्यानंतर मागचे ब्रेक ड्रम. एका वेळी एकच बाजू खोला म्हणजे दुसरी बघून जोडता येते, आणि ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकचं काम झाल्यावर उस्तादाने बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. मग 800 असेल तर टॅपेट, त्यानंतर टायमिंग बेल्ट, क्लच. हेड खोलायची वेळ वर्षभराने आली तरी चालेल. प्रत्येक काम सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो आणि निघालेले बोल्ट नाव लिहिलेल्या डब्यांत.

काढलेलं जुनं ऑइल गटारात ओतू नका. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि बडोद्याची गटारं शेवटी विश्वामित्रीलाच मिळतात. कॅनमध्ये साठवा आणि जवळच्या गॅरेजमध्ये द्या. तिथून ते गोळा करणारे घेऊन जातात.